लाय डिटेक्टर फसवता येतो का? मी त्या खुर्चीत बसलो होतो

तुमचा प्रश्न असा आहे: दुकानाच्या गल्ल्यातून पैसे गेलेत, मालक सगळ्या नोकरांना ‘लाय डिटेक्टर’ला बसवणार आहे, तुम्ही पैशाला हात लावलेला नाही पण स्वभावाने भित्रे आहात, तेव्हा हे मशीन फसवता येतं का?

येतं. पण तुम्हाला खरी धास्ती हवी ती मशीन आपसूकच चुकण्याची. मला त्याने चोर ठरवलं होतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

२००९ साली मी एका सराफी पेढीवर कामाला होतो. दिवसा काउंटर आणि रात्री ट्रे मोजून तिजोरीत ठेवायचं काम. दसऱ्याआधीच्या मोजणीत पाटल्यांचा एक जोड कमी भरला, चार तोळ्यांचा. आम्ही अकरा जण. पेढीचं नाव खराब होईल म्हणून शेठनी पोलिसांत जायचं टाळलं आणि पुतण्याच्या ओळखीतून ही चाचणी घेणारे मुंबईचे एक गृहस्थ बोलावले. स्टँडजवळच्या लॉजमध्ये दोन दिवस खोली घेतली. आम्ही एकेक करून तिकडे जायचो, दवाखान्यात नंबर लावल्यासारखे.

आधी तासभर नुसत्या गप्पा. घरी कोण, पगार पुरतो का, कर्ज आहे का. सगळे प्रश्न आधीच वाचून दाखवतात. सिनेमात दाखवतात तसं अचानक काही विचारत नाहीत. मग छातीला आणि पोटाला एकेक रबरी नळी, डाव्या हाताच्या दोन बोटांना धातूच्या पट्ट्या, उजव्या दंडाला डॉक्टर बांधतात तसा रक्तदाबाचा पट्टा. डॉक्टर हवा लगेच सोडतात, इथे पट्टा फुगवूनच ठेवतात. तीन-चार मिनिटांत हाताला मुंग्या येतात. समोरच्या भिंतीवर लॉजवाल्याचं धबधब्याचं कॅलेंडर होतं, ते मला आजही तपशीलवार आठवतं, कारण मान हलवायची नव्हती.

सुरुवातीला एक गंमत झाली. एक ते सात आकड्यांच्या चिठ्ठ्यांतली एक मी उचलली. “आता प्रत्येक आकड्याला नाही म्हणायचं.” मी सातही वेळा नाही म्हणालो. लॅपटॉपकडे बघत ते म्हणाले, “पाच.” पाचच होता. माझ्या पोटात गोळा आला. पुढे कळलं की ही त्या चाचणीतली ठरलेली पायरी आहे, समोरच्याचा मशीनवर विश्वास बसावा म्हणून. जुन्या काळी काही परीक्षक त्यासाठी खुणेचे पत्ते वापरत. माझ्या वेळी काय होतं देव जाणे.

मग खरे प्रश्न. तुमचं नाव अमुक आहे का? पाटल्या तुम्ही घेतल्या का? आजवर कधी दुसऱ्याची वस्तू न विचारता घेतली आहे का? दोन प्रश्नांमध्ये वीस-पंचवीस सेकंद शांतता, आणि हे सगळं तीनदा.

सगळी मेख तिसऱ्या प्रश्नात आहे. त्याला तुलनेचा प्रश्न म्हणतात. हिशेब असा, की दुसऱ्याची वस्तू प्रत्येकाने कधी ना कधी उचललेली असते, पण अशा वेळी माणूस ‘छे, कधीच नाही’ म्हणतो आणि मनातून चरकतो. जो निर्दोष तो या प्रश्नाला जास्त चरकेल, जो चोर तो पाटल्यांच्या प्रश्नाला. दोन्ही आलेख शेजारी ठेवून ताडायचे. आता माझा शहाणपणा बघा. गप्पांमध्येच मी सांगून टाकलं होतं की लहानपणी आजीच्या बटव्यातून चार आणे, आठ आणे काढायचो आणि कॉलेजच्या लायब्ररीचं एक पुस्तक परत केलेलं नाही. सगळं ओकून झाल्यावर त्या प्रश्नात मला चरकायला काही उरलंच नाही. आणि ट्रे माझ्या ताब्यात असल्यामुळे ‘पाटल्या’ हा शब्द आला की काळजात धस्स व्हायचं. झालं. निकाल आला: खोटं बोलतो.

यंत्राला खोटं कळत नाही. त्याला घाम, श्वास, नाडी आणि रक्तदाब कळतो. त्यावरून ‘खोटं’ हा शब्द माणूस काढतो. चोराच्या मनात चांदणं, या एका म्हणीवर ही सगळी विद्या उभी आहे. पण ‘तूच तो’ या नजरेने खुर्चीत बसवलं की ते चांदणं सावाच्याही मनात पडतं.

आमच्यातला एक जण तारा लावायच्या आधीच रडला. चहापाण्याच्या खर्चात तो रोज वीस रुपये जास्त लिहायचा, ते त्याने कबूल केलं. म्हणजे मशीनने काम केलं म्हणायचं, पण शेतातलं बुजगावणं करतं तसं. तपासात त्याचा खरा उपयोग एवढाच आहे असं माझं मत झालंय.

हे नवं नाही. मराठेशाहीत वतनाच्या तंट्यात रवादिव्य करायचे: उकळत्या तेला-तुपातून धातूचा तुकडा हाताने काढायचा, हातावर पिशवी बांधून मोहोर करायची, आणि ठरल्या दिवशी ती सोडून पंचांनी हात बघायचा. भाजला असेल तर खोटा. अमेरिकेत १९२१ साली बर्कलीच्या पोलीस खात्यातल्या जॉन लार्सनने नाडी-श्वासाचे आलेख एकत्र काढणारं यंत्र बनवलं, तेव्हा उकळतं तेल गेलं आणि कागद आला, एवढा फरक. (तरी हात भाजण्यापेक्षा मुंग्या बऱ्या, हे मान्य.)

आता फसवण्याबद्दल. त्यात जादू काही नाही. पाटल्यांच्या प्रश्नाला शांत राहणं अवघड, पण तुलनेच्या प्रश्नाला मुद्दाम धडधड वाढवणं सोपं: जीभ चावायची, पायाची बोटं जमिनीवर दाबायची किंवा मनातल्या मनात सातासाताने उलटे आकडे मोजायचे. मानसशास्त्रज्ञ चार्ल्स हॉन्ट्स आणि सहकाऱ्यांनी १९९४ साली छापलेल्या प्रयोगात अशा थोडक्या शिकवणीवर प्रयोगापुरती लुटुपुटुची चोरी केलेल्यांपैकी जवळपास निम्मे सुटले. अमेरिकेतल्या ओहायोत तर एकाला चाचणीत नापास झाल्यावर खुनाच्या आरोपात शिक्षा झाली आणि खरे गुन्हेगार पुढे सापडले. दरम्यान त्याने तुरुंगात बसून २७ कैद्यांना वीसेक मिनिटांत हे शिकवलं. सगळ्यांनी आपापला गुन्हा त्याच्यापाशी कबूल केलेला होता. त्यातले २३ चाचणीत पास झाले.

पण गाजलेली माणसं एवढीही मेहनत करत नाहीत. ऑल्ड्रिच एम्स सीआयएत, म्हणजे अमेरिकेच्या गुप्तहेर संस्थेत बसून सोव्हिएत युनियनला गुपितं विकत होता. १९८६ आणि १९९१ असा दोनदा तो मशीनसमोर बसला, दोन्हीदा सुटला आणि १९९४ साली पकडला गेला. सोव्हिएतांकडून त्याला मिळालेला सल्ला काय होता? नीट झोप, शांत राहा, परीक्षकाशी गोडीने वाग. आमच्याकडे सासरी जाणाऱ्या मुलीला आई सांगते तेवढाच. म्हणजे निर्ढावलेल्याला युक्ती लागत नाही आणि तुमच्या-माझ्यासारख्याला युक्ती जमत नाही. परीक्षक हालचाली टिपायला शिकलेले असतात, खुर्चीच्या बैठकीतही त्यासाठी संवेदक बसवलेला असतो. निर्दोष माणूस पायाची बोटं दाबताना सापडला तर त्याचं पुढे कोण ऐकणार?

समर्थक म्हणतात की प्रशिक्षित परीक्षक, ठरावीक गुन्हा आणि नीट बांधलेले प्रश्न असतील तर निकाल नाणेफेकीपेक्षा बराच चांगला लागतो. हे खरं आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या समितीनेही २००३ च्या अहवालात तेवढं मान्य केलं. पण त्याच अहवालातला हिशेब वाचा. समजा, १०,००० कर्मचाऱ्यांत १० हेर आहेत. त्यातले ८ सापडतील इतकी कडक चाचणी लावली, तर जवळपास १,६०० निर्दोष लोकही नापास होतात. आणि दोन हेर तरीही पास.

एक वेगळी पद्धत मला जास्त पटते. जपानचे पोलीस ती सर्रास वापरतात. तिथे ‘तू घेतलंस का’ यावर भर नसतो. गुन्ह्याचा जो तपशील फक्त करणाऱ्यालाच माहीत असेल तो चार खोट्या तपशिलांत मिसळून विचारतात: गळा आवळायला दोर होता का, पट्टा होता का, वायर होती का. ज्याला काहीच माहीत नाही त्याला पाचही सारखेच. पण त्यासाठी तपशील गुप्त राहायला हवा. आमच्या पेढीत पाटल्यांचं वजन, नक्षी, ट्रेचा नंबर, सगळं समोरच्या पानवाल्यालाही पाठ झालं होतं. तुमच्याकडेही गल्ल्यातून किती गेले ते एव्हाना सगळ्यांना माहीत असणार.

आता कायद्याचं. मी वकील नाही, पण एवढं पक्कं आहे. ५ मे २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने ‘सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य’ या खटल्यात सांगितलं की पॉलिग्राफ (म्हणजे हाच लाय डिटेक्टर), नार्को (औषधाच्या गुंगीत प्रश्न विचारणं) किंवा ब्रेन मॅपिंग (मेंदूच्या लहरी मोजणं) कुणावरही जबरदस्तीने करता येणार नाही. स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला कुणी भाग पाडू नये हा हक्क घटनेच्या कलम २०(३) ने दिलाय, तो अशा जबरदस्तीने मोडतो. संशयित स्वतः तयार असेल तर त्याला वकील मिळायला हवा, संमती दंडाधिकाऱ्यासमोर नोंदवायला हवी, आणि तरीही निकाल हा पुरावा धरत नाहीत. त्यातून पुढे एखादी वस्तू हाती लागली तर ती मात्र पुराव्यात येऊ शकते. पोलिसांना जी जबरदस्ती करता येत नाही ती दुकानदाराला कुठून येणार? अमेरिकेत १९८८ पासून बहुतेक खासगी मालकांना नोकरांची अशी चाचणी घ्यायला कायद्यानेच बंदी आहे. आपल्याकडे मालकांपुरता असा वेगळा कायदा नाही, म्हणून ‘नाही’ आपणच म्हणावं लागतं.

ते कसं म्हणायचं? मी असतो तर (म्हणजे आजचा मी, तेव्हाचा नव्हे) एवढंच म्हणालो असतो: “शेठ, तुम्ही पोलिसांत तक्रार द्या, मी जबाब द्यायला पहिला येतो.” तुम्हीही असंच म्हणा, आणि शक्यतो चारचौघांत म्हणा. नकार देणाराच चोर, असं कुजबुजतील. पण चाचणीत नापास झालेल्याबद्दल काय कुजबुजतात तेही मी ऐकलंय.

आमच्या पाटल्या तीन आठवड्यांनी सापडल्या. पॉलिशला गेलेल्या मालाच्या पाकिटात, दुसऱ्याच गिऱ्हाइकाच्या नावाच्या चिठ्ठीखाली. कारागिराने स्वतः आणून दिल्या. शेठनी मला ट्रेच्या किल्ल्या परत दिल्या आणि म्हणाले, “मला आधीपासून वाटतच होतं.” काय वाटत होतं ते बोलले नाहीत. मी मार्च अखेर करून नोकरी सोडली.

आणि दबाव फारच असेल, बसावंच लागलं, तर तीन गोष्टी पाळा. शांत व्हायची गोळी घेऊन जाऊ नका, औषधांबद्दल आधीच विचारतात आणि मग त्याचीच चर्चा होते. गप्पांच्या तासात लहानपणापासूनचा कबुलीजबाब देत बसू नका, विचारलं तेवढंच सांगा. आणि संमतीपत्रावर सही करण्याआधी ‘निकालाची प्रत मला मिळेल’ ही ओळ हाताने लिहून घ्या. मी तशीच सही केली होती. माझ्या आलेखाची ती तीन पानं मी एकदाच पाहिली, शेठच्या टेबलाच्या खणात, उधारीच्या वहीखाली.