सनद मिळाली, आता पुढे?

वकिलीची सनद हाती आली, अभिनंदन! घरात कुणी वकील नाही म्हणून बिचकू नकोस. नागपुरात सिव्हिल लाइन्सच्या दोन्ही कोर्टांत, म्हणजे जिल्हा न्यायालयात आणि हायकोर्टाच्या खंडपीठात, भंडारा, गोंदियाच्या गावांतून आलेले कितीतरी जण आहेत. अखिल भारतीय बार परीक्षा तेवढी दोन वर्षांच्या आत काढून टाक.

हायकोर्टाच्या खंडपीठाची घाई मात्र नको. सुरुवातीची वर्षं जिल्हा न्यायालयातच काढावीत, हे माझं ठाम मत. उलटतपासणीत साक्षीदार कुठे अडखळतो, ते तिथेच कळतं. रोज रोजनामा, म्हणजे खटल्याच्या कामकाजाची कोर्टातली नोंद, वाच. निकाल लागला की त्याच दिवशी त्याच्या प्रमाणित नकलेचा अर्ज टाक. दिवाणी निकालावर पहिल्या अपिलाला जिल्हा न्यायालयात ३० दिवस, हायकोर्टात ९०. नक्कल तयार व्हायला लागलेला काळ १९६३ च्या मुदत कायद्याच्या कलम १२ नुसार या मुदतीतून वगळतात, पण अर्जाआधी घालवलेले दिवस तुझ्याच माथी. नकलेच्या शेवटच्या पानावरच्या शिक्क्यातल्या तारखा नीट तपासून घे.

आणि मानधनाचं, ज्यांच्या हाताखाली काम करशील त्या सिनियरना पहिल्याच भेटीत विचार, त्यात लाज कसली? बार कौन्सिल ऑफ इंडियाने २०२४ मध्ये शहरात ज्युनियर वकिलाला महिना किमान २०,००० रुपये देण्याची शिफारस केली आहे. बंधनकारक नाही, खरं. पण पेट्रोलपुरतेही न देणाऱ्याकडे राबू नकोस.