डिस्लेक्सिया असलेलं मूल एआयच्या मदतीने वाचायला शिकेल का?

तुमचा मुलगा दुसरीत आहे, डिस्लेक्सियाचं, म्हणजे बुद्धी चांगली असूनही वाचणं अवघड जाण्याचं, निदान नुकतंच झालंय, चॅटजीपीटीवर किंवा गूगलच्या ॲपवर तो वाचायला शिकेल का, असं तुम्ही विचारताय. आणि सासरे म्हणतात, मोबाईल वाचून दाखवायला लागला तर पोरगा आळशी होईल. एकट्या ॲपवर तो शिकणार नाही. वापरा मात्र जरूर. सासऱ्यांचंही सांगते, पण आधी आमच्या घरातलं.

आम्ही बडोद्याचे, दांडिया बाजारातले. माझ्या मुलीलाही डिस्लेक्सिया, ती सीबीएसईच्या शाळेत. घरी मराठी, शाळेत इंग्रजी आणि हिंदी, वर २०२३ च्या कायद्याने गुजरातमध्ये पहिली ते आठवी गुजराती सक्तीची. म्हणजे लिप्या तीन. हिंदीची अक्षरं शिरोरेषेला टांगलेली, गुजरातीला रेषाच नाही, आणि इंग्रजीत तर एका अक्षराचे दहा आवाज. आमचे मोठे भाऊजी निवृत्त शिक्षक. त्यांच्या मते पोरीला शिस्त नव्हती, बाकी काही नव्हतं.

एका गणपतीत सगळं घर जमलं होतं. आरतीसंग्रह हातात धरून ती खणखणीत आवाजात म्हणत होती, सगळे कौतुकाने बघत होते. भाऊजींच्या लक्षात आलं की कडवं संपलं तरी पान उलटलं जात नाहीये. आरती झाल्यावर त्यांनी पुस्तक तिच्यापुढे धरलं, मधल्याच एका शब्दावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "हे वाच." तिने पहिलं अक्षर ओळखलं आणि त्यावरून भलताच शब्द सांगितला. "बघा, पाठ म्हणते, वाचत नाही. सयाजीराव महाराजांनी १९०६ साली या राज्यात शिक्षण सक्तीचं केलं, तेव्हा कुठे होती तुमची मशीनं?" प्रसादाची वाटी तशीच ठेवून ती आत निघून गेली. मी तेव्हा काही बोलले नाही, घरात पाहुणे होते.

पण त्यांचं निरीक्षण बरोबर होतं, हे कबूल. यातली काही मुलं ऐकून लक्षात ठेवण्यात इतकी तल्लख असतात की वाचता येत नाही हे लपून राहतं. ॲपमध्ये नेमकं हेच होतं. गूगलचं 'रीड अलाँग' चांगलं आहे, फुकट आहे, मराठीतही आहे. मूल मोठ्याने वाचतं, ते ऐकतं, अडलं तर मदत करतं. आमच्या बाईसाहेबांनी गोष्टी एकदोनदा ऐकून पाठ केल्या आणि चांदण्या मिळवत बसल्या.

म्हणून मी चॅटबॉटकडून रोज नवी गोष्ट लिहून घ्यायला लागले. अट एकच, जोडाक्षर नको. पहिल्याच ओळीत 'त्याच्या'! पुन्हा बजावलं तर माफी मागून 'प्रकाश' लिहिलं. अक्षरांच्या हिशेबात ही यंत्रं कच्ची आहेत, त्यामुळे मुलाच्या हातात देण्याआधी प्रत्येक ओळ स्वतः तपासा. त्यापेक्षा खोटे शब्द मागा, 'कमट', 'लबग' असले. अर्थ नाही, त्यामुळे अंदाज चालत नाही, अक्षर जोडूनच वाचावं लागतं. वेलांटीचा सराव वेगळा घ्या: 'कि'मध्ये लिहिताना वेलांटी आधी आणि बोलताना नंतर, तिथे आमची गाडी फार अडायची. हे सगळं शेजारी बसून. आमच्या स्पेशल एज्युकेटर बेन, म्हणजे अशा मुलांना शिकवणाऱ्या खास शिक्षिका, वाळूत बोटाने अक्षर काढायला लावायच्या, आवाज तोंडाने म्हणत. ते ॲप करत नाही.

आता आळशीपणाचं. वाचायला शिकणं एक आणि विज्ञान, इतिहास समजून घेणं दुसरं. पहिलं हळू होणार, म्हणून दुसरं का अडवायचं? धड्याचा फोटो काढा, फोनला मोठ्याने वाचायला लावा, मूल ऐकत ऐकत ओळींवर बोट फिरवू दे. माझी मुलगी प्रकाशसंश्लेषण तोंडी असं समजावते की ऐकत राहावं. तो शब्द वाचायला सांगितला तर घाम फुटेल. मग तिला विज्ञान येतं की नाही? २०१६ च्या दिव्यांग कायद्यात ही अडचण स्पष्ट नोंदलेली आहे. प्रमाणपत्र असेल तर सीबीएसई परीक्षेत तासाला २० मिनिटं जास्त देतं, प्रश्न वाचून दाखवणारा माणूससुद्धा देतं. बोर्डाला जो आळस वाटत नाही तो घरातल्यांना कसा वाटतो?

बोर्डाचं ते परिपत्रक मी भाऊजींना व्हॉट्सॲपवर पाठवलं होतं. वाचल्याच्या निळ्या खुणा आल्या, उत्तर नाही. तुमच्या सासऱ्यांना छापून द्या.

हो, हे राहिलं. मी एकाच मुलीबद्दल बोलतेय, तुमच्या मुलाचं वेगळं असू शकतं. कान आणि डोळे तपासून घेतले नसतील तर आधी ते करा. निदानाचा रिपोर्ट नावासकट चॅटबॉटमध्ये टाकू नका. चाचणी फक्त इंग्रजीत झाली असेल तर घरच्या भाषेतही करता येईल का, विचारा. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने केलेली 'डाली' ही चाचणी हिंदी आणि मराठीतही आहे. पैसे घालायचेच असतील तर ॲपच्या वर्गणीत घालू नका, आठवड्यातून दोनदा स्पेशल एज्युकेटर लावा. ॲप फुकटचं पुरे.