साकीनाक्याच्या गाळ्यातील माझ्या छोट्या राउटरवर (कोरीवकामाचे संगणकचालित यंत्र) रास्पबेरी पाय ४ या छोट्या संगणकावर लिनक्ससीएनसी हे यंत्र चालवणारे सॉफ्टवेअर वापरतो; पडद्यावरील चित्र फिरवले की मोटार अडखळते. हा संगणक पुरेसा आहे का?

होय, साकीनाक्याच्या गाळ्यातील आपल्या छोट्या राउटरसाठी रास्पबेरी पाय ४ पुरेसा आहे, मात्र स्टेपर (पावलापावलाने फिरणाऱ्या) मोटारींचे पल्स, म्हणजे प्रत्येक पावलाचे विद्युत संकेत, त्याच्या जीपीआयओ पिनांवरून (बाहेरील उपकरणे जोडण्याच्या पिना) थेट न देता ते काम इथरनेटने जोडलेल्या मेसा कार्डाकडे (पल्स स्वतः तयार करणारे कार्ड) सोपवावे. अशा यंत्रांच्या जोडणीचे काम करत असल्याने सांगतो: पिनांवरून पल्स द्यायचे तर संगणकाला दर २५ ते ५० मायक्रोसेकंदांनी न चुकता प्रतिसाद द्यावा लागतो आणि आपण म्हणता तसे पडद्यावरील चित्र फिरवताच त्यात खंड पडतो; कार्ड असल्यास साधारण १ मिलिसेकंदाचे सर्वो चक्र (कार्डाला नवी आज्ञा देण्याची फेरी) सांभाळले की भागते. त्यासाठी प्रीएम्प्ट-आरटी कर्नल (वेळेवर प्रतिसाद देणारा लिनक्सचा गाभा) हवाच. त्याखेरीज:

- सीपीयू गव्हर्नर (प्रोसेसरचा वेग ठरवणारी सेटिंग) ‘परफॉर्मन्स’वर ठेवावा आणि प्रोसेसरचा एक कोर रिअल-टाइम (वेळेवरच व्हायला हव्या अशा) कामासाठी राखून ठेवावा.
- लेटन्सी-टेस्ट (प्रतिसादातील उशीर मोजणारी चाचणी) नेहमीची फाइल व पडदा उघडा ठेवून बराच वेळ चालवावी, कारण रिकाम्या संगणकावरचा आकडा फसवा असतो.
- हीटसिंक आणि पंखा बसवावा. प्रोसेसर ८० अंश सेल्सिअसवर गेला की स्वतःहून वेग कमी करतो, आणि मे महिन्यातील बंद गाळ्यात ही मर्यादा वाटते तेवढी दूर नसते.

तथापि, चित्राला हात न लावताही मोटार ठरावीक वेगालाच अडखळत असेल, तर दोष बहुधा संगणकाचा नसून अनुनादाचा (ठरावीक वेगाला वाढणाऱ्या कंपनाचा) किंवा जास्त ठेवलेल्या प्रवेगाचा असतो. अशा वेळी कार्ड विकत घेण्याआधी प्रवेग निम्मा करून पाहावा.