टक्का कशाचा? मज्जेतील पेशी मोजणाऱ्या नव्या सहकाऱ्यास

प्रिय,

सप्रेम नमस्कार.

अस्थिमज्जेच्या एकाच नमुन्यात तुला ब्लास्ट पेशी, म्हणजे रक्तपेशींची अगदी अपरिपक्व रूपे, १८ टक्के दिसल्या आणि ज्येष्ठ सहकाऱ्यांना २२ टक्के, तर चूक कोणाची, असे तू विचारले आहेस. बहुधा कोणाचीच नाही. मात्र दोघांनी काय मोजले, कोठे मोजले आणि किती मोजले याची नोंद नसेल, तर दोन्ही आकड्यांवर वाद घालण्यात अर्थ नाही.

आधी जागेविषयी. सुईने ओढलेला पहिला भाग, म्हणजे जेमतेम पाव ते अर्धा मिलिलिटर, स्मिअरसाठी, म्हणजे काचेवर पातळ थर पसरण्यासाठी, राखून ठेवायचा असतो. त्यापुढे ओढत गेले की नमुन्यात रक्त मिसळत जाते, रक्तातील न्यूट्रोफिल व लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींचा वाटा फुगतो आणि ज्या पेशींसाठी तपासणी केली त्यांचा टक्का खाली येतो. म्हणून काच हाती आल्यावर प्रथम कमी शक्तीच्या भिंगाखाली मज्जेचे कण शोध आणि त्या कणांच्या मागे पेशींची जी पसरट वाट उमटते, तिच्यात ऑइल इमर्शनखाली, म्हणजे तेलाचा थेंब घालून वापरायच्या जास्त शक्तीच्या भिंगाखाली, मोजणी कर. काचेवर कणच नसतील, तर ते अहवालात स्पष्ट लिही. अशा काचेवरचा अचूक दिसणारा आकडा मला कोऱ्या रकान्यापेक्षा घातक वाटतो.

आता छेदाविषयी, म्हणजे टक्का ज्या एकूण पेशींवर काढायचा त्या संख्येविषयी, कारण माझ्या मते बहुतेक घोळ येथेच होतो. मज्जेच्या डिफरन्शियल काउंटमध्ये, म्हणजे प्रकारवार मोजणीत, केंद्रक असलेल्या रक्तनिर्मितीच्या पेशी धरतात: ब्लास्ट, प्रोमायलोसाइटपासून न्यूट्रोफिलपर्यंतची मालिका, इओसिनोफिल, बेसोफिल, मोनोसाइट, लिम्फोसाइट, प्लाझ्मा पेशी आणि एरिथ्रोब्लास्ट (लाल पेशींची केंद्रक असलेली पूर्वरूपे). मेगाकॅरिओसाइट, मॅक्रोफेज, ऑस्टिओब्लास्ट, ऑस्टिओक्लास्ट, फुटलेल्या पेशी आणि बाहेरून आलेल्या कर्करोगाच्या पेशी या मोजणीत येत नाहीत. त्यांचे वर्णन स्वतंत्रपणे करायचे. एरिथ्रोब्लास्टचा प्रश्न विशेष नाजूक आहे. समज, ५०० पेशींपैकी ३०० एरिथ्रोब्लास्ट आहेत आणि ५० ब्लास्ट. सर्व पेशी छेदात धरल्या तर ब्लास्ट १० टक्के होतात. एरिथ्रोब्लास्ट वगळून उरलेल्या २०० पेशींवर हिशेब केला तर तेच ५० ब्लास्ट २५ टक्के होतात. तीव्र मायलॉइड ल्युकेमिया या रक्ताच्या कर्करोगाच्या निदानासाठी, काही विशिष्ट जनुकीय दोष सोडल्यास, ब्लास्टची २० टक्क्यांची मर्यादा सामान्यतः वापरली जाते. म्हणजे काच तीच, पेशी त्याच, पण छेद बदलताच निदान त्या रेषेच्या अलीकडे किंवा पलीकडे जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१६ च्या सुधारित वर्गीकरणात एरिथ्रोब्लास्ट वगळण्याची जुनी पद्धत सोडून सर्व केंद्रकयुक्त पेशींवर टक्का काढण्याचे ठरले. त्यापूर्वीचे अहवाल आजच्या अहवालांशी ताडताना हे ध्यानात ठेव.

किती पेशी मोजायच्या, याचे उत्तर निदान त्या आकड्यावर किती अवलंबून आहे यावर ठरते. ब्लास्टचा किंवा प्लाझ्मा पेशींचा नेमका टक्का निर्णायक असेल, तेथे किमान ५०० पेशी, त्याही एकाहून अधिक काचांवर, मोजण्याचा दंडक आहे. त्यामागे साधे संख्याशास्त्र आहे. १०० पेशींमध्ये २० ब्लास्ट मिळाले तर खरा टक्का ९५ टक्के विश्वासाने साधारण १३ ते २९ यांच्या दरम्यान कोठेही असू शकतो; ५०० पेशींमध्ये १०० मिळाले तर ही कक्षा साधारण १७ ते २४ पर्यंत आवळते. तुझे १८ आणि त्यांचे २२ हे दोन्ही आकडे याच पट्ट्यात बसतात, आणि ही कक्षा केवळ योगायोगाच्या चढउताराची आहे. कोणत्या पेशीला ब्लास्ट म्हणायचे याविषयीचा मतभेद तिच्यात धरलेलाच नाही.

न्यूबॉवर चेंबरचे, म्हणजे पेशी मोजण्यासाठी चौकोन आखलेल्या काचेचे, काम वेगळे आहे, कारण तेथे टक्का नव्हे, तर एका मिलिलिटरमधील पेशींची संख्या हवी असते. एक मिलिमीटर बाजूच्या मोठ्या चौकोनावर द्रवाची खोली ०.१ मिलिमीटर असते, म्हणून चौकोनातील सरासरी संख्येला १०,००० ने आणि विरलनाच्या पटीने गुणावे. लाल पेशी ॲसेटिक ॲसिड असलेल्या द्रावणाने विरघळवून घ्याव्यात आणि गुठळ्या गाळून काढाव्यात. १०० पेशी मोजल्यास सुमारे १० टक्के चूक संभवते, ४०० मोजल्यास ५ टक्के. निदानासाठी घेतलेल्या नमुन्यात या संख्येला फारसे मोल नाही, कारण किती रक्त मिसळले ते कळत नाही. प्रत्यारोपणासाठी काढलेल्या मज्जेत मात्र रुग्णाच्या वजनानुसार किती पेशी द्यायच्या, हे याच मोजणीवर ठरते.

फ्लो सायटोमेट्रीचे, म्हणजे पेशींवरील खुणा लेझरच्या प्रकाशात ओळखणारे, यंत्र क्षणात हजारो पेशी मोजते, तेव्हा तोच आकडा ब्लास्टचा टक्का म्हणून लिहावा असा मोह तुला होईल. तसे करू नकोस. लाल पेशी फोडण्याच्या टप्प्यात एरिथ्रोब्लास्टही कमी होतात, म्हणजे छेद पुन्हा बदलतो. शिवाय त्या यंत्राकडे जाणारा नमुना बहुधा नंतरच्या ओढीचा, अधिक रक्त मिसळलेला असतो. सीडी३४ (अपरिपक्व पेशींच्या पृष्ठभागावर आढळणारे खुणेचे प्रथिन) दाखवणारी प्रत्येक पेशी ब्लास्ट नसते आणि प्रत्येक ब्लास्ट सीडी३४ दाखवतोच असेही नाही. पेशी कोणत्या वंशाच्या आहेत हे यंत्राला विचार आणि त्यांचा टक्का काचेवर मोज. दोन्हींत मोठी तफावत आढळली, तर अहवालावर सही करण्यापूर्वी काच पुन्हा लाव, कण आहेत का ते पाहा आणि बायोप्सीच्या तुकड्याच्या पातळ कापाशी ताडून घे.

वादातील नमुन्याच्या दोन्ही काचा आणि मोजणीचे मूळ आकडे, टक्के न काढलेले, माझ्याकडे पाठव.

तुझा हितचिंतक