घेतल्या भावात

बाळा,

परवा रात्री पावणेबाराला तुझ्या कीकॅपबद्दल, कीबोर्डच्या एका बटणावर बसणाऱ्या त्या हातानं घडवलेल्या रेझिनच्या टोपीबद्दल, तुझा मेसेज आला, “काका, बत्तीस हजार म्हणतोय. देऊ का?” मी मुद्दामच उत्तर दिलं नाही. फोनवर दिलं असतं तर दोन शब्द गेले असते आणि त्यातला एक शिवी असता. म्हणून आज दुकान बंद करून, शटर अर्धं ओढून, माझ्या टीव्हीएस गोल्ड कीबोर्डवर हे बडवतोय. शेजारचा टेलर दोनदा डोकावून गेला. त्याला वाटतं लग्नपत्रिकेचं अर्जंट काम आलंय.

कॅप विकत घ्यायची चिठ्ठी तुला लागली त्याचं कौतुक करणार नाही. त्यात तुझं काय कर्तृत्व? जगभरातून शेकड्यांनी पोरं फॉर्म भरतात, कॅपा निघतात वीस-तीस, त्यात तुझं नाव आलं. 65 डॉलर, वर टपाल, वर कस्टमवाल्यांचं देणं, असं धरून तुला ती घरात 7,400 ला पडली. हिशेब तूच मला पाठवलास. मग द्यायचीच असेल तर 7,400 ला दे. घेतल्या भावात. प्रश्न संपला. पण तुझा संपला नाही हे मला माहीत आहे, कारण तू पुढे लिहिलंयस, “बाबा म्हणतात भाव आला की माल सोडावा.”

तुझे बाबा बरोबर बोलतात, बेदाण्याबद्दल. ऑक्टोबर छाटणीपासून ते बागेत राबतात, अवकाळीचे ढग दिसले की रात्रभर झोपत नाहीत, शेडमधल्या जाळ्यांवर माल वाळेपर्यंत जीव टांगणीला. मग कोल्ड स्टोरेजचं भाडं भरून ते थांबतात आणि तासगावच्या सौद्यात भाव आला की सोडतात. त्या वाढलेल्या पैशात त्यांचा घाम आहे, जोखीम आहे. तुझी जोखीम काय होती? फॉर्म भरताना मोबाइलची चार्जिंग संपली असती, एवढीच ना?

कॅपमध्येही घाम आहे, पण तो ती करणाऱ्याचा. मी 2017 साली स्वतः करून बघितलं होतं, तुला कधी सांगितलं नाही. मातीत नमुना घडवायचा, त्यावर सिलिकॉनचा साचा घ्यायचा, एकेका रंगाचं रेझिन थेंबाथेंबानं भरायचं आणि बुडबुडे दबावेत म्हणून प्रेशर पॉटमध्ये ठेवायचं. कॉम्प्रेसर पंक्चरवाल्याकडनं भाड्यानं आणला होता. माझं रेझिन पॉलियुरेथेन, महिना जुलै, आणि गाव सांगली. हवेतली ओल लागली की ते फसफसतं, आतून पावासारखं जाळीदार होतं. उन्हाळा येईपर्यंत थांबलो, पुन्हा ओतलं. तेव्हा कॅपच्या खालची, अधिकच्या चिन्हासारखी (+) खाच चुकली. तिथं मिलिमीटरच्या दहाव्या भागाचा खेळ असतो. घट्ट झाली तर कॅप काढताना बटणाखालच्या स्विचची दांडी हातात येते, सैल झाली तर कॅप टाइप करता करता उडते. चाळीस ओतल्या, तीन बसल्या. त्यातली एक मांजराची होती, ती बेडकासारखी दिसते.

असं काम करणारा माणूस 65 डॉलर लावतो. त्याला आपल्या कॅपचा बाहेरचा भाव कळत नाही असं तुला वाटतं का? रोज डोळ्यांनी बघत असतो तो. एका की-एवढी वस्तू, पण बाजारात काहींना शेकडो डॉलर येतात, काही हजाराच्या वरही गेल्यात. तरी तो 65 लावतो आणि चिठ्ठ्या काढतो, कारण तासगावच्या पोरालाही ती मिळावी असं त्याला वाटतं. मधली रक्कम त्यानं सोडलेली आहे. ती तुझ्यासाठी सोडली तशी तुझ्यानंतर घेणाऱ्यासाठीही सोडली आहे. पंगतीत बसल्यावर समोर आलेलं पान उचलून दारातल्या माणसाला विकतोस का तू? भूक नसेल तर सरक, त्याला बसू दे.

घेतल्या भावात दे म्हणतो त्यात टपाल धर, कस्टम धर, पॅकिंगचा डबासुद्धा धर. मी काही संत नाही, नुकसान सोस असं म्हणत नाही. अदलाबदल करायची तर खुशाल कर, त्यात मजाही आहे, फक्त दोघांनी आपापला घेतला भाव आधी सांगावा. आणि आईच्या, बहिणीच्या, मावसभावाच्या नावानं चार-चार फॉर्म भरणारी जी टोळी आहे, तिच्यात मला तुझं नाव दिसलं तर दुकानाची पायरी चढू नकोस.

बाकी गोष्टी तुला येतात. आजच्या तारखेची हातानं लिहिलेली चिठ्ठी शेजारी ठेवून फोटो काढ, ओरखडा असेल तर तोच आधी दाखव. खऱ्या कॅपवरून साचा काढून नकला ओतणारे वाढलेत, म्हणून आतल्या बाजूचाही फोटो दे. आणि कधी तू घेणारा असशील, तर पैसे पेपॅलच्या नेहमीच्या पेमेंटऐवजी ‘फ्रेंड्स अँड फॅमिली’नं, म्हणजे घरच्यांना-मित्रांना पैसे द्यायच्या सोयीनं, पाठव म्हणणाऱ्याला सोड, त्यात घेणाऱ्याला कसलंही संरक्षण नसतं. बस.

आता तुला वाटत असेल, काका एवढे का तापलेत. सांगतो.

2019 चा ऑगस्ट. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी 45 फूट, आणि पाणी त्याच्या कितीतरी वर गेलेलं. मारुती चौकामागच्या माझ्या दुकानात ते काउंटरवरून गेलं. हा कीबोर्ड तेवढा माळ्यावर टाकला होता म्हणून वाचला. दोन प्रिंटर, लॅमिनेशन मशीन, लग्नसराईसाठी भरलेला कागद, सगळ्याचा लगदा. माझ्याकडं एकच चांगली कॅप होती, 2016 मध्ये 3,100 ला पडलेली. या कीबोर्डच्या एस्केपवर बसायची. ती मी नाशिकच्या एका पोराला 21 हजाराला दिली.

विकली त्याचं फार नाही वाटत. घर चालवायचं होतं. त्या पैशात मशीन आलं, ते अजून चालतंय, कालच चार आधार कार्डं काढली त्यातून. बायको म्हणते, मग चुकलं काय? चुकलं ते हे, की पैसे पाठवायच्या आधी त्या पोरानं सहज विचारलं, “काका, तुम्हाला कितीला पडली होती?” आणि मी म्हणालो, “पंधराला.” तो म्हणाला, “मग तुम्ही फार नाही लावलं,” आणि वर थँक्यू म्हणाला. पुराचं कारण विकण्याला चालेल. पंधराला कुठलं कारण लावू? खरा भाव सांगून एकवीस मागायची छाती नव्हती, एवढंच. तुझ्या बत्तीस हजारवाल्यानं हाच प्रश्न विचारला तर तू काय सांगणार आहेस, ते आधी ठरव.

तेव्हापासून मी अकरा कॅपा दिल्या, सगळ्या घेतल्या भावात. त्यातली एक घेणाऱ्यानं चौथ्या दिवशी तिप्पटीला विकली. मला कळलं तेव्हा बायको हसली, “तुमच्या तत्त्वाचा नफा दुसऱ्याच्या खिशात.” हसू दे. माझ्या हातून गेली तेव्हा ती 5,200 चीच होती. पुढं त्यानं काय केलं ते त्याचं तो बघेल. तूही मला हेच ऐकवणार आहेस, की आपण नाही खाल्लं तरी दुसरा खाणारच. खाऊ दे रे! आपल्या हातून जाताना घेतल्या भावात गेली पाहिजे. दहा वेळा सांगतो, मग कंटाळा आला तरी चालेल.

नवा कीबोर्ड घ्यायला पैसे हवेत असं लिहिलंयस. फी भरायची असती, घरात आजारपण असतं, तर मी हे पत्र फाडून टाकलं असतं आणि गिऱ्हाईक मीच शोधून दिलं असतं. पण ॲल्युमिनियमच्या खोक्यासाठी? थांब की वर्षभर. तुझा आत्ताचा वाजतो चांगला.

आणि एक, तू मनात म्हणायच्या आधी मीच म्हणतो. घेतल्या भावात विकायची ठरली तर ती घ्यायला पहिला कोण उभा राहील? मीच. तू फोटो पाठवलास तेव्हा मी तो मोठा करून तीनदा बघितला. त्या निळ्या रेझिनच्या आतला तो छोटा मासा... असो. म्हणजे माझं तत्त्व माझ्याच सोयीचं आहे असं कुणी म्हणालं तर मला तोंड नाही. म्हणून मी ती मागणार नाही, आणि तूही द्यायची नाही. ठेव, वापर.

रविवारी संध्याकाळी मी दुकानातच आहे, येताना कोपऱ्यावरनं भडंग आण. या कीबोर्डच्या एस्केपवर 2019 पासून काही नाही. नुसती निळी दांडी उघडी आहे, नखानं दाबतो. तुझी कॅप पाच मिनिटं बसवून बघू. मग काढून घेऊन जा.

तुझा काका