ऑडिओग्राम (ऐकण्याच्या चाचणीचा आलेख) नॉर्मल असूनही कानात सतत शिट्टी वाजते. टिनिटसवर संशोधन करणारे नेमके काय शोधतात आणि त्याने हा आवाज थांबेल का?

"रिपोर्ट नॉर्मल आहे, लक्ष देऊ नका" असे सांगून डॉक्टरांनी आपल्याला परत पाठवले, हे वाचून उत्तर लिहायला बसलो, कारण याच वाक्यावरून माझा माझ्या मार्गदर्शकांशी झालेला वाद अजून मिटलेला नाही.

ऐकू उत्तम येते, पण कर्णनादाने, म्हणजेच टिनिटसने, झोप उडाली आहे, अशा लोकांचा अभ्यास करण्याचा प्रस्ताव मी त्यांच्यापुढे ठेवला होता. सरांनी दोन पाने चाळली आणि विचारले, "ज्या कानात दोषच नाही, त्यात शोधणार काय?" हेलर आणि बर्गमन यांचा १९५३ चा प्रयोग त्यांच्या तोंडी होताच: चांगले ऐकू येणाऱ्या ८० जणांना ध्वनिरोधक खोलीत बसवले, तर ९४ टक्के लोकांना कुठला ना कुठला आवाज ऐकू आला, म्हणजे शांततेत असा आवाज निरोगी कानालाही येतो. मी मुकाट्याने विषय बदलला.

मग २००९ मध्ये कुजावा आणि लिबरमन यांचा शोधनिबंध आला. त्यांनी उंदरांना दोन तास मोठ्या आवाजात ठेवले. ऐकण्याची क्षमता काही दिवसांत पूर्ववत झाली, आतल्या कानातील आवाज टिपणाऱ्या केसपेशीही शाबूत राहिल्या, परंतु त्या पेशींना श्रवणचेतेशी (कानाचा संदेश मेंदूकडे नेणाऱ्या नसेशी) जोडणारे सायनॅप्स, म्हणजे सांधे, काही भागात जवळजवळ निम्म्याने कायमचे नष्ट झाले होते. ऑडिओग्राम फक्त एवढेच विचारतो की शांत खोलीत सर्वांत हळू स्वर कोणता ऐकू येतो, आणि त्यासाठी थोडे चेतातंतूही पुरतात. २०११ मध्ये लंडनमधील दोन संशोधकांना असे दिसले की नॉर्मल ऑडिओग्राम असलेल्या, परंतु कर्णनादाचा त्रास असणाऱ्या स्त्रियांमध्ये, आवाज ऐकवल्यावर डोक्यावरून घेतलेल्या विद्युत नोंदीत, श्रवणचेतेची पहिली लहर खुजी आहे, मात्र मेंदूच्या खोडापर्यंत पोहोचणारी पाचवी लहर नेहमीएवढीच आहे. म्हणजे अपुरा पडलेला संदेश मेंदू वाटेत वाढवून घेतो आणि ती वाढच आपल्याला शिट्टी म्हणून ऐकू येत असावी.

दोन्ही निबंध मी सरांना पाठवले. एका ओळीत उत्तर आले: "एकीकडे उंदीर, दुसरीकडे पंधरा बायका."

तेव्हा माझे स्पष्ट मत असे की "नॉर्मल" हा शब्द ऐकून उठू नये. नेहमीची तपासणी ८००० हर्ट्झला (हर्ट्झ म्हणजे स्वराच्या उंचीचे माप) थांबते. त्यापुढची करून मागावी आणि गोंगाटात बोलणे समजते का, हेही तपासून घ्यावे. आवाज थांबेल का, याचे उत्तर मात्र सरळ नाही. तो हमखास घालवणारे औषध आज नाही, जिंको या वनस्पतीच्या गोळ्यांवर पैसे घालवू नयेत, आणि त्रास कमी करण्यात सर्वांत भक्कम पुरावा बोधात्मक वर्तनोपचाराचा (सीबीटी, म्हणजे त्रासाकडे पाहण्याचे विचार आणि सवयी बदलणारा मानसोपचार) आहे, आवाज तेवढाच राहिला तरी.

मला न रुचणारी एक गोष्टही सांगितली पाहिजे: २०१७ मध्ये कर्णनाद असलेल्या तरुणांवर झालेल्या काटेकोर अभ्यासात सायनॅप्स गेल्याचा पुरावा मिळाला नाही. त्या वर्षी सरांनी फोन केला नाही, हा त्यांचा मोठेपणा.

आणि हे खरे तर आधी लिहायला हवे होते: आवाज एकाच कानात असेल, नाडीच्या ठोक्याबरोबर येत असेल किंवा ऐकणे अचानक कमी झाले असेल, तर वरचे सारे बाजूला ठेवून त्याच दिवशी कानाच्या डॉक्टरांना गाठावे.