दीपनगर जवळ, पवनचक्क्या समोर, तरी शेताला रात्रीची लाईट का?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात: कोळसा, पाणी, वारा, ऊन यांपासून वीज नेमकी कशी बनते, आणि भुसावळच्या, म्हणजे दीपनगरच्या कोळशावरच्या वीज केंद्राच्या, इतक्या जवळ राहूनही शेताला रात्री लाईट का मिळते. मी इलेक्ट्रिकल शिकवतो आणि घरी यावल तालुक्यात केळी आहे, त्यामुळे दुसरा प्रश्न माझ्याही घरचा आहे. पण पहिला कळल्याशिवाय तो सुटत नाही.

जुन्या सायकलचा डायनमो आठवा. टायरला टेकवला की दिवा लागायचा आणि पायडल जड व्हायचं. चुंबक आणि तारेचं वेटोळं एकमेकांजवळ फिरलं की तारेत वीज उभी राहते, हे मायकेल फॅरेडेनं १८३१ मध्ये दाखवलं. ऊन सोडलं तर बाकी सगळ्या मोठ्या केंद्रांत हेच चालतं. फरक एवढाच, की फिरवायला जोर कोण लावतं.

दीपनगरला वाफ लावते. कोळशाची पूड करून ती बॉयलरमध्ये जाळतात, हतनूर धरणाच्या पाण्याची साधारण ५४० अंशांची वाफ करतात आणि ती टर्बाईनच्या पात्यांवर सोडतात. टर्बाईन मिनिटाला ३००० फेरे घेतं आणि त्याला जोडलेलं चुंबकही तेवढंच फिरतं, त्यातूनच आपली ५० हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला ५० आवर्तनांची, वीज येते. एका युनिटला अंदाजे ६५० ते ७०० ग्रॅम कोळसा लागतो. तिथला ५०० मेगावॅटचा एक संच दिवसभर पूर्ण चालला तर आठ हजार टनांच्या आसपास कोळसा संपतो, म्हणजे जवळपास दोन पूर्ण मालगाड्या. आणि त्या उष्णतेपैकी साठ टक्क्यांहून जास्त वीज न होताच निघून जाते. पाणी थंड करणाऱ्या, कमरेत बारीक असलेल्या त्या मनोऱ्यांतून पांढरं निघतं, तो धूर नाही, पाण्याची वाफ आहे. धूर उंच चिमणीतून जातो. तारापूरची अणुवीजही वाफेवरच होते, फक्त उष्णता युरेनियमचे अणू फुटून मिळते.

पाण्याला जाळायचं काहीच नाही. सुमारे ४००० लिटर पाणी १०० मीटर खाली आलं की एक युनिट मिळतं. हिशेब स्वस्त वाटतो, पण एवढं पाणी उंचावर अडवायला जमीन बुडवावी लागते. सरदार सरोवराच्या १४५० मेगावॅटमधला २७ टक्के वाटा महाराष्ट्राचा, आणि त्यासाठी नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्कलकुवा व धडगाव तालुक्यांतली मणिबेलीसारखी ३३ गावं बाधित झाली. जलविद्युत स्वच्छ म्हणताना नंदुरबारच्या माणसानं तरी हे विसरू नये, असं मला मनापासून वाटतं.

साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्या दिसतात. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्यातली ताकद आठपट होते, म्हणून पावसाळ्यात त्या भरभरून देतात आणि वारा पडला की जवळपास काहीच नाही.

सौर पॅनलमध्ये काहीच फिरत नाही. प्रकाश सिलिकॉनवर पडला की त्यातले इलेक्ट्रॉन सुटून वाहू लागतात. ही एकाच दिशेनं वाहणारी डीसी वीज असते, इन्व्हर्टर तिची घरात येते तशी, दिशा बदलत राहणारी एसी वीज करतो. आपल्याकडे लोक म्हणतात, जळगावच्या ४५ अंशांच्या उन्हात पॅनल जोरात चालत असेल. तसं नाही. पॅनलला उजेड हवा, ताप नको. त्याची क्षमता २५ अंशांना मोजलेली असते आणि वर दर अंशाला सुमारे ०.३ ते ०.४ टक्के घट होते. वैशाखात पॅनल ६५ अंशांपर्यंत तापलं तर १२ ते १६ टक्के वीज तिथंच गेली. म्हणून पॅनल पत्र्याला चिकटवू नका, खालून हवा खेळू द्या.

आता तुमचा दुसरा प्रश्न. तारांमध्ये वीज साठत नाही. ज्या क्षणी जेवढी वापरली जाते, तेवढीच त्या क्षणी बनवावी लागते. दीपनगरची वीज तुमच्या गावासाठी वेगळी ठेवलेली नसते, ती राज्याच्या जाळ्यात जाते. कोळशाचा संच थंड झाला की पुन्हा पेटवून जाळ्यावर आणायला कित्येक तास लागतात, म्हणून रात्री मागणी उतरली तरी तो कमी भारावर चालूच ठेवतात. दिवसा आणि संध्याकाळी कारखाने, दुकानं, घरं ओढतात. रात्री मात्र वीज मोकळी असते. मग शेतीच्या थ्री फेजला, म्हणजे पंपाची मोटार चालवणाऱ्या विजेला, पाळी लावली जाते आणि कधी दिवस, कधी रात्र वाट्याला येते. व्यवस्थेच्या दृष्टीनं हे सोयीचं असेल, पण साप-विंचवात, आमच्याकडे तर बिबट्याच्या भीतीत, मोटार चालू करायला जाणारा माणूस त्या हिशेबात कुठंच नाही, याचा मला राग येतो.

म्हणूनच शेतीसाठी ऊन मला सगळ्यात योग्य वाटतं. पिकाला पाणी दिवसा द्यायचं आणि वीजही दिवसाच होते, साठवायचा प्रश्न उरत नाही. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत उपकेंद्राजवळ सौर प्रकल्प उभारून शेतीच्या फीडरला, म्हणजे उपकेंद्रातून शेतांकडे जाणाऱ्या वीजवाहिनीला, दिवसा वीज द्यायची असते. तुमचं फीडर त्यात आलंय का, हे उपकेंद्रात विचारा. आलं नसेल तर विहिरीवर सौर पंपाचा अर्ज करा, मात्र आधी पाण्याची खोली मोजून घ्या. पंपाचा एचपी आणि हेड, म्हणजे पाणी किती उंच चढवायचं ते, त्यावरच ठरतात.